दहापैकी साडेसहा

शनिवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर
सात माहितीपत्रकं मांडून बसलो आम्ही:
मी, माझी माब्ली, आणि माझे वडील इडवाल,
ज्यांनी आधीच सांगून टाकलं होतं,
तुम्ही ठरवा, मला काय, कुठलीही आगगाडी चालेल.

माब्लीने वहीत रकाने आखले.
इंजिन हिरवं असेल तर दोन गुण,
बोगदा असेल तर तीन,
खिडकी ओढायला चामड्याचा पट्टा असेल तर एक,
आणि स्टेशनात मांजर असेल तर
बाकी काही बघायचंच नाही.

माझे रकाने मी मनातच ठेवले:
तिघांचं तिकीट केवढ्याला,
आणि पाऊस आला, म्हणजे येणारच,
तर आडोसा कुठे.

समुद्राकाठची गाडी सुंदर, पण तिथल्या सीगलने
माब्लीचं सँडविच पळवलं होतं, ती अजून विसरलेली नाही.
पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवण वाढणारी
फक्त ज्यांची लग्नं टिकलीत त्यांच्यासाठी,
असं मी म्हणाले, आणि कुणीच हसलं नाही.
दोन फुटी रुळांवरची ती इवलीशी,
जिच्यात अनोळखी माणसाचे गुडघे
आपल्या गुडघ्यांशी ओळख करून घेतात,
ती जवळजवळ नक्की झाली होती.

मग माब्ली म्हणाली, ही तर सहाच आहेत.
सातवं वडिलांच्या कोपराखाली होतं.
पॉन्त हेलिग. साडेतीन मैल. बोगदा नाही.
इंजिन काळं. मांजराचा उल्लेख नाही.
"ती कशाला," ते म्हणाले. "तिथे बघण्यासारखं काही नाही."
झालं. नऊ वर्षांच्या मुलीला
याहून मोठी जाहिरात लागत नाही.

रविवारी गार्डने जाड पुठ्ठ्याची तिकिटं टोचून दिली.
तो एरवी दातांचा डॉक्टर, निवृत्त,
त्यामुळे चिमटा हळुवार चालवतो.
ओल्या कोळशाचा वास. मेंढ्यांनी मानसुद्धा वर केली नाही.
वडील उलट्या दिशेला तोंड करून बसले,
मागे पडणारे रूळ बघत.

शेवटच्या थांब्याला रूळ संपतात.
पुढे मातीचा बांध, काटेरी झुडपं, आणि एक पाटी:
पुढच्या पाऊण मैलासाठी मदत करा,
एक स्लीपर तीस पौंड.

ते पाटीसमोर इतका वेळ उभे राहिले
की माब्लीने जाऊन त्यांचा हात धरला.
"मला एकामागे नऊ पेन्स मिळायचे."
"बसवायचे?"
"उपटायचे."

एकोणीस वर्षांचे होते. खाण बंद, मग गाडी बंद,
आणि गाडी बंद झाल्यावर उन्हाळाभर काम निघालं:
गाडीचा रस्ता मोडायचं.
इथून खाली पुलापर्यंत, ते आणि आणखी अकरा जण,
पहारी घेऊन. गाणी म्हणत, असं ते म्हणाले,
आणि लगेच, नाही, गाणी नव्हतो म्हणत.
पहिल्या पगारात बूट घेतले. दुसऱ्यात आईला कोट.
फुटके स्लीपर ज्याने त्याने घरी नेले.

म्हणजे आमच्या परसातले ते काळे ओंडके,
ज्यांच्यामध्ये मी लहानपणी मटार लावले,
ज्यांवरून माब्ली तोल सावरत चालते,
उन्हात ज्यांना डांबराचा वास सुटतो.
चाळीस वर्षं मी त्यांना वाफ्याची कड समजत होते.

इंजिन दुसऱ्या टोकाला जोडेपर्यंत
दातांचा डॉक्टर वडिलांना सांगत होता,
हे सगळं कुणी उखडलं कोण जाणे,
पण काम चोख केलं पठ्ठ्यांनी, एक खिळा मागे नाही.
"हो," वडील म्हणाले. "मुकादम कडक होता."

घरी येऊन माब्लीने वही उघडली.
इंजिन काळं, शून्य. बोगदा नाही, शून्य.
चामड्याचा पट्टा, एक.
मांजर नाही, पण कोळशाच्या ढिगावर कोंबडी होती: अर्धा.
मग पेन्सिल चावत बराच वेळ बसून
तिने एक नवा रकाना आखला, वर काहीच लिहिलं नाही,
आणि त्यात पाच दिले.

मी चहाला हाक मारायला खिडकी उघडली.
वडील परसात, पावसात,
ओंडके मोजत होते.